फुटाला एक सूत

पहिली चूक झाली ती चलनबुकात.
पुली, बारा इंची, नग चार.
खाली पुन्हा पुली, बारा इंची, नग चार.
त्याच्याही खाली तेच.
दहावीची सुट्टी, अक्षर ठसठशीत,
एकेक ओळ पुरती लिहीत बसलो होतो.
आण्णा मागनं आले, कोपरापर्यंत सागवानाचा भुसा,
"शाई फुकट मिळती काय? वर तेच हाय न्हवं?
मग दोन टिकल्या दे. डिट्टो."

शेजारच्या फौंड्रीतले देशिंगेकाका सांगायचे,
त्यांच्या वडलांच्या रोजमेळात ह्या जागी 'कित्ता' असायचं,
मोडीत, शेपटी ओढलेलं.
वरचं तेच खाली, म्हणजे कित्ता.
आणि शाळेत आम्ही बोटं दुखेपर्यंत गिरवला
तोही कित्ताच.
डिट्टो म्हणे इटलीकडचा. मूळ अर्थ नुसता 'म्हटलेलं'.
कोण म्हणालं, का म्हणालं,
ते वरच्या ओळीला विचारायचं.

उद्यमनगरात हा शब्द नटबोल्टाच्या भावानं मिळतो.
मिरजकर तिकटीला एकानं कटवडा सांगितला
की टेबलावरचे तिघं नुसतं बोट वर करतात, डिट्टो.
"पोरगी डिट्टो आण्णाच," गल्लीतल्या बायका म्हणायच्या,
तेच कपाळ, तीच एक भुवई चढवायची खोड,
आणि मी 'येतो', 'जातो' बोलतो म्हणून.
ते तर त्याही बोलायच्या.

एकदा म्हाकव्याहून तवनाप्पा मगदूम आले,
पोत्यात गुंडाळलेलं घाण्याचं दातेरी चाक,
एक दात पडलेला.
"ह्येचं डिट्टो करून द्या."
आण्णांनी चाक उताणं केलं, दातांवरनं अंगठा फिरवला.
"कवाचं डिट्टो? नवं हुतं तवाचं, का आजचं?"
तवनाप्पा गप्प.
"नवं दिलं तर जोडीचं चाक झिजलेलं,
दोघांचं जमायचं न्हाई, खडखडंल.
आजच्यासारखं दिलं
तर नवं लोखंड जन्मताच म्हातारं."
चहा आला, गार झाला.
दोघं चाकाकडं बघत बसले होते.
शेवटी दोन्ही चाकं नवी करायची ठरली
आणि मग तासभर पैशावरनं घासाघीस.

त्याच्याही आधीची गोष्ट.
आण्णांची पितळी पट्टी मी न विचारता शाळेत नेली.
इंगवलेबाईंनी बाक मोजायला लावला.
सगळ्यांचा अठ्ठेचाळीस इंच,
माझा साडेसत्तेचाळीस.
दोनदा मोजला. साडेसत्तेचाळीस.
वर्गासमोर कान धरून उभा राहिलो,
घरी येऊन रडलो, तर आण्णा पोट धरून हसले.
"आगं, ती वतकामाची पट्टी. मुद्दाम लांब केल्याली.
बीड गार होताना आकसतंय, फुटाला एक सूत.
म्हणून साचा आधीच तेवढा मोठा धरायचा.
डिट्टो पायजे असंल
तर डिट्टो करून भागत न्हाई."

मस्टरमध्ये आण्णांच्या नावापुढं एक तारखेला 'हजर',
मग टिकल्या, टिकल्या, अकरा तारखेपर्यंत.
बारा तारखेच्या घरात
सकाळी सवयीनं माझा हात गेला
आणि टिकल्या उमटल्या.
नंतर दवाखान्यातनं फोन आला.
त्या मी खोडल्या नाहीत.
ऑडिटवाल्यानं विचारलं, त्यालाही काही सांगितलं नाही.

आता चलन कॉम्प्युटरवर निघतं.
पोरगा वरची ओळ धरून खाली ओढतो,
चाळीस ओळी भरतात, टिकल्यांचं काम नाही.
काल निपाणीचा एक गिऱ्हाईक
पॅटर्न हातात घेऊन, डोळ्याजवळ नेऊन म्हणाला,
"ताई, डिट्टो आण्णांचा हात."
मी भुवई चढवली असणार.
पितळी पट्टी खिळ्याला होती.
काढली, मोजायला लागलो, थांबलो.
कुठल्या पट्टीनं मोजायचं हे,
खऱ्या, का ह्या?
"एखादं सूत इकडंतिकडं असंल," म्हटलं,
"गार झाल्यावर बघू."